दुर्बीण घेताना आरसा मोजा, ‘पट’ मोजू नका

सोयाबीन निघाले, पावसाने पाठ फिरवली की मानोऱ्याचे आकाश वर्षातले सर्वांत देखणे रूप घेते. हवेतली धूळ धुऊन गेलेली असते आणि गावाच्या शेवटच्या दिव्यापासून दोन-तीन किलोमीटर शेताकडे गेले, तर ऑक्टोबरच्या अमावास्येला नैऋत्येकडे उतरणारा आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. याच दिवसांत घरात चार पैसेही आलेले असतात. सातवी-आठवीतली मुलगी ‘मला दुर्बीण हवी’ म्हणून हट्ट धरते, वडील मोबाइल उघडतात आणि चार-पाच हजारांत एक खोके घरी येते. खोक्यावर शनीचे रंगीत चित्र असते आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेले असते : ‘५२५ पट मोठे’.

पुढे काय होते, हे बहुतेक घरांत सारखेच असते. पहिल्या रात्री चंद्र कसाबसा सापडतो. शनी सापडतच नाही. हात लागला की काठीसारखे पाय थरथरतात आणि दिसणारा ठिपका निसटतो. चार रात्रींनंतर दुर्बीण कपाटावर जाते. पैसे गेल्याचे दुःख होतेच. पण ‘हे आपल्याला जमत नाही’ अशी मुलीची झालेली समजूत जास्त महाग पडते. खरे तर दोष तिचा नसतो. खरेदी करताना चुकीची गोष्ट मोजलेली असते.

दुर्बीण म्हणजे मोठी बाहुली

डोळ्याच्या मधोमध काळे छिद्र दिसते, ती बाहुली. प्रकाश तिच्यातूनच आत जातो. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशीनंतर ती बहुतेकांत ५ मिलिमीटरच्या आसपासच थांबते. अंधूक तारे दिसत नाहीत ते लहान असतात म्हणून नव्हे, तर या छोट्या छिद्रातून पुरेसा प्रकाश आत येत नाही म्हणून. दुर्बिणीचे पहिले काम वस्तू मोठी करण्याचे नाही, प्रकाश गोळा करण्याचे आहे. ती डोळ्याला मोठी बाहुली देते.

परावर्ती दुर्बिणीत हे काम नळीच्या तळाशी बसवलेला अंतर्गोल आरसा करतो. तारकेचा प्रकाश त्यावर पडून परत फिरतो, वरच्या टोकाजवळच्या छोट्या तिरप्या आरशावर आदळून बाजूला वळतो आणि आयपीसमधून डोळ्यात येतो. न्यूटनने १६६८ मध्ये अशी पहिली दुर्बीण केली, तेव्हा तिचा धातूचा आरसा जेमतेम सव्वा इंचाचा होता. आज नवशिक्याला साजेशी मानली जाते ती ६ इंची, म्हणजे १५० मिलिमीटरच्या आरशाची दुर्बीण. ती ७ मिलिमीटरच्या बाहुलीपेक्षा सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करते. खोक्यातल्या ७६ मिलिमीटरच्या दुर्बिणीला जेमतेम सव्वाशे पट जमते. व्यास दुप्पट झाला की प्रकाश चौपट होतो, हे गणित लक्षात ठेवले तरी निम्मी खरेदी सोपी होते.

भिंगाची दुर्बीणही चांगली असते. मात्र साध्या भिंगातून निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या ठिकाणी एकवटतात आणि तेजस्वी ग्रहाभोवती जांभळी कड दिसते. आरशात हा दोष नसतो. शिवाय भिंगाच्या सगळ्या बाजू घासाव्या लागतात आणि काच आतून निर्दोष लागते. आरशाचा मात्र एकच पृष्ठभाग नेमका घासावा लागतो. त्यामुळे तितक्याच पैशांत आरसा मोठा मिळतो. महाराष्ट्राला ही दुर्बीण नवी नाही. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी राहिली आणि कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तिथे २० इंची परावर्ती दुर्बीण चालवली. त्या काळी ती देशातली सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

५२५ चे गणित

‘५२५ पट’ हा आकडा खोटा नसतो, पण उपयोगाचाही नसतो. दुर्बीण किती पट मोठे दाखवते, हे दोन लांब्यांच्या भागाकारावरून ठरते. आरशाची नाभीय लांबी ७०० मिलिमीटर असेल आणि आयपीसची ४ मिलिमीटर, तर ७०० भागिले ४ म्हणजे १७५. त्यात तिप्पट करणारे बार्लो भिंग घातले की झाले ५२५. स्वस्तातला आयपीस बदलून कोणीही हा आकडा कितीही वाढवू शकतो.

आरशाची कुवत मात्र ठरलेली असते. साधारणपणे व्यासाच्या मिलिमीटरच्या दुपटीपलीकडे मोठे केले, तर चित्र मोठे होते पण नवे काही दिसत नाही. म्हणजे ७६ मिलिमीटरच्या आरशाची हद्द दीडशेच्या आसपास संपते. त्यापुढे तोच प्रकाश पसरून फिका पडतो. औषधाचा डोस तिप्पट केल्याने गुण तिप्पट येत नाही, तसेच हे आहे. शिवाय पृथ्वी फिरत असते. ५२५ पटीला आकाशाचा इतका लहान तुकडा दिसतो की ग्रह वीसेक सेकंदांत त्यातून निघून जातो. हलत्या तिपाईवर तेवढ्या वेळात तो नीट धरताही येत नाही.

याउलट १२०० मिलिमीटर नाभीय लांबीच्या ६ इंची दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा आयपीस लावला, तर ४८ पट मोठे दिसते. एवढ्यावरच गुरू नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा भासतो आणि त्याचे चार चंद्र ओळीने दिसतात. १० मिलिमीटरचा आयपीस लावला की १२० पट होते. शनीची कडी, चंद्रावरचे डोंगर, जोडतारे यांसाठी एवढे भरपूर आहे. हवा शांत असलेल्या मोजक्या रात्री सोडल्या, तर दोनशेच्या वर जाण्याची वेळ येत नाही.

बैठक कोणती?

दुर्बीण निम्मी आरशावर आणि निम्मी बैठकीवर चालते. आरसा कितीही चांगला असो, खाली लटपटणारी तिपाई असेल तर काही दिसत नाही. नवशिक्यासाठी यावर सर्वांत स्वस्त आणि पक्का उपाय म्हणजे डॉब्सोनियन बैठक. ती म्हणजे प्लायवुडची पेटी. खालची फळी गोल फिरते आणि नळी वर-खाली होते. मोटार नाही, वजनाचे गोळे नाहीत, हाताने ढकलायचे.

ही बैठक लोकप्रिय करणारे जॉन डॉब्सन १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत, रामकृष्ण संघाच्या मठात दाखल झाले. जहाजाच्या खिडक्यांची टाकाऊ काच घासून ते आरसे करायचे, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि प्लायवुड वापरायचे. १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. मग त्यांनी दुर्बीण फुटपाथवर लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना शनी दाखवायला सुरुवात केली. २०१४ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी ते गेले. आज जगभर नवशिक्यांना हीच रचना सुचवली जाते.

दुसरा प्रकार विषुववृत्तीय बैठकीचा. तिचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. मानोरा सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून इथे ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त २० अंश वर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढ्या उंचीवर दिसतो. एखादे झाड आडवे आले तरी तो झाकला जातो. हलक्या, स्वस्त विषुववृत्तीय बैठकींचा अक्ष इतका खाली झुकवला की वजनाचा गोळा कधी कधी तिपाईच्या पायाला अडतो. फोटो काढायचे असतील तर अशी बैठक लागते, पण ती भक्कम आणि महाग हवी. डोळ्यांनी पाहायचे असेल, तर तेच पैसे आरशात घालावेत.

दुकानदाराला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न : आरशाचा व्यास किती? ‘पट’ किती, हे विचारूच नये. दुसरा : नाभीय लांबी किती आणि नळी किती लांब? या रचनेत दोन्ही साधारण सारख्या असतात. नाभीय लांबी १००० मिलिमीटर सांगितली आणि नळी अर्धा मीटरच असली, तर आत एक जादा भिंग लपवलेले असते. अशा दुर्बिणीचे आरसे जुळवणे जिकिरीचे होते आणि चित्र क्वचितच स्वच्छ येते.

तिसरा : आरसा पॅराबोलिक, म्हणजे अन्वस्ताकार आहे का? १३० मिलिमीटर व्यास आणि ६५० मिलिमीटर नाभीय लांबी अशा आखूड दुर्बिणीत तो तसा असलाच पाहिजे. ११४ मिलिमीटर व्यास आणि ९०० मिलिमीटर लांबी अशा लांब दुर्बिणीत साधा गोलाकार आरसाही चालून जातो. चौथा : आयपीस सव्वा इंची नळीचे आहेत का? हे माप सर्वत्र चालते, त्यामुळे पुढे चांगला आयपीस घेता येतो. पाचवा : नळीवरचा शोधक कसा आहे? लाल ठिपका दाखवणारा साधा शोधक असला तरी नवशिक्याचे काम सोपे होते.

मग कोणती घ्यावी? जागा आणि पैसा कमी असेल तर टेबलावर किंवा पक्क्या स्टुलावर ठेवायची ११४ ते १३० मिलिमीटरची छोटी डॉब्सोनियन बरी. ऐपत असेल तर १५० मिलिमीटर व्यासाची आणि १२०० मिलिमीटर लांबीची दुर्बीण वर्षानुवर्षे पुरते. २०० मिलिमीटरची तिच्याहून पावणेदोन पट प्रकाश घेते, पण बैठकीसह ती बरीच जड असते. गच्चीवर चढवताना कंबर धरली, तर ती महिनोन्‌महिने जिन्याखालीच पडून राहते. जी सहज बाहेर निघते तीच दुर्बीण खरी कामाची. आणि एवढे पैसे आज नसतील, तर खोके घेण्याऐवजी थांबावे. तोवर साधी द्विनेत्री आणि तारकांचा नकाशा यांवर एक वर्ष आनंदात जाते.

ज्यांना हाताने करायची हौस आहे, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. १९४४ पासून काम करणारी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि पुण्याचीच आयुका यांनी हौशी मंडळींना आरसे घासायला शिकवण्याची परंपरा राज्यात रुजवली. काचेच्या दोन चकत्या कार्बोरंडमच्या भुकटीने एकमेकींवर घासायच्या, मग डांबरासारख्या पिचवर बारीक पॉलिश करायचे. चांगल्या आरशाच्या पृष्ठभागावरची चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या भागाच्या आत, म्हणजे सुमारे ७० नॅनोमीटर असावी लागते. ती माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग होते. तरीही ही अचूकता शाळकरी मुलांच्या हातांनी साधते, कारण ती यंत्रापेक्षा सबुरीतून येते.

डोळ्यांची तयारी

दुर्बीण घरातून काढल्या काढल्या स्वच्छ दाखवत नाही. आरसा बाहेरच्या हवेएवढा थंड व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढाच वेळ डोळ्यांनाही लागतो. अंधारात पाहणाऱ्या दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य साठायला २० ते ३० मिनिटे लागतात, आणि मोबाइलचा पांढरा प्रकाश ते क्षणात घालवतो. म्हणून बॅटरीवर लाल कागद बांधावा. हे रंगद्रव्य अ जीवनसत्त्वापासून बनते. त्याच्या कमतरतेने रातांधळेपणा येतो तो यामुळेच. सोबतच्या सगळ्यांना अंधुक तारे दिसतात आणि एकाच मुलाला दिसत नाहीत, असे असेल तर त्याचे डोळे तपासून घ्यावेत.

दृष्टिपटलाच्या ऐन मध्यभागी दंडपेशी नसतात. त्यामुळे अंधुक तेजोमेघाकडे सरळ रोखून पाहिले की तो नाहीसा होतो आणि नजर थोडी बाजूला नेली की उमटतो. या पेशींना रंगही कळत नाहीत. मृगातला तेजोमेघ किंवा २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका राखाडी धुक्यासारखी दिसते, फोटोसारखी रंगीत नाही. हे आधी माहीत असले की निराशा होत नाही.

जवळचा किंवा लांबचा चष्मा असेल तर तो काढून फोकस फिरवला की चालते. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर मात्र चष्मा ठेवावा. तारकेला काटे फुटलेले दिसले, तर डोके तिरपे करून पाहावे. काटे डोक्याबरोबर फिरले तर दोष डोळ्यात आहे, आयपीस फिरवल्यावर फिरले तर आयपीसमध्ये. वाढत्या वयात दिव्यांभोवती व ताऱ्यांभोवती वलये दिसू लागली, तर मोतीबिंदूची किंवा काचबिंदूची तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

सूर्य आणि बांध

एक इशारा मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा : दुर्बिणीतून सूर्याकडे एक क्षणही पाहायचे नाही. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. ते जळत असताना काहीच दुखत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध काळा डाग उरतो आणि तो कायमचा राहू शकतो. त्यावर खात्रीचा उपचार नाही. सूर्य पाहायचाच असेल तर नळीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण रुंदीला घट्ट बसणारा खास सौर फिल्टरच लागतो आणि शोधकही झाकावा लागतो. आयपीसमध्ये बसवायचा काळा फिल्टर खोक्यात मिळाला, तर तो फोडून फेकून द्यावा. उष्णतेने तो पाहता पाहता तडकू शकतो. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल यांतले काहीही चालत नाही. दिवसा दुर्बीण झाकण लावून, ऊन येणार नाही अशा जागी ठेवावी. उघड्या आरशाने एकवटलेले ऊन कापडही पेटवू शकते.

रात्री शेतात जाताना पायांत बूट हवेत आणि खाली सतरंजी अंथरून झोपू नये. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. दंश झाल्याचा नुसता संशय आला तरी मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठावा. सर्पदंशाची लस तिथे मोफत मिळते.

आरसा पुसण्याच्या फंदातही पडू नये. थोड्या धुळीने काही बिघडत नाही, फडक्याने मात्र अॅल्युमिनियमच्या पातळ थरावर ओरखडे उमटतात. पावसाळ्यात दुर्बीण कोरडी आणि झाकलेली ठेवावी. खडबडीत रस्त्याने नेल्यावर दोन्ही आरसे एका रेषेत आहेत का, ते तपासावे. एखादी तारका मुद्दाम फोकसबाहेर नेली की वर्तुळे दिसतात. ती एकात एक मधोमध असतील तर जुळणी ठीक. एका बाजूला सरकली असतील तर मागचे स्क्रू थोडे थोडे फिरवून ती सारखी करावीत. दोन-तीन रात्रींत हे हाताला जमते.

मानोऱ्याची बाजू

पुण्या-मुंबईकडे तारांगणे आहेत, मंडळे आहेत. मानोऱ्याकडे अंधार आहे. तेजोमेघ आणि दीर्घिका पाहायच्या तर तोच लागतो. उजळलेल्या शहरात मोठा आरसाही तारकांसोबत दिव्यांचा प्रकाश गोळा करतो. इथल्या शेतात मात्र ६ इंची आरसा आपली पूर्ण किंमत वसूल करून देतो. दक्षिणेकडचा भाग्ययोगही आहे. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा अवघ्या आकाशातला सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ लंडनहून कधीच दिसत नाही. मानोऱ्यातून तो वैशाखाच्या रात्री दक्षिणेला २२ अंशांपर्यंत चढतो.

कोणत्या रात्री बाहेर पडावे, हे पंचांगही सांगते. कोजागरीला मसाला दूध घ्यावे आणि दुर्बीण घरात ठेवावी. पूर्ण चंद्रावर सावल्या नसतात, त्यामुळे विवरे सपाट दिसतात. रामनवमीला, तालुक्यातल्या पोहरादेवीला यात्रा भरते तेव्हा, चंद्र नवमीचाच असतो. अर्ध्याहून थोडा अधिक, संध्याकाळी डोक्यावर आलेला, आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर लांब सावल्या टाकणारा. यात्रेच्या एका कोपऱ्यात पेटीवरची एक दुर्बीण लावली, तर शेकडो माणसे त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा चंद्रावरचे डोंगर पाहू शकतील. त्यासाठी प्रत्येक घराने खर्च करण्याचीही गरज नाही. शाळा, वाचनालय किंवा चार-पाच कुटुंबांनी मिळून एक चांगली दुर्बीण घेतली, तरी ती पिढीभर पुरते.

या जिल्ह्याचे आकाशाशी नातेही जुने आहे. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांनी लंका ते मेरू अशा मध्यरेषेवरच्या गावांची यादी दिली, तिच्यात उज्जैनबरोबर हे नावही आहे. ज्या रेषेवरून एके काळी वेळ मोजायचे, तिच्याजवळच्या मुलीला शनीची कडी पाहायला पुण्याला जावे लागू नये. तिच्या वडिलांनी मोबाइलवर खरेदीचे बटण दाबण्याआधी फक्त एवढेच पाहावे : आरसा किती मिलिमीटरचा आहे आणि तो कशावर उभा आहे.